हुकवरचं वजन

दहातला एक हिस्सा हुकवर आला पाहिजे,
डेल्मर काका सांगतो, दर वेळी नव्यानं.
कमी आला तर ट्रेलर मागं झुलायला लागतो
बुजलेल्या बैलासारखा,
आणि गाडीला वाटत राहतं, चुकतंय आपलंच.

न्हाणीतला वजनकाटा तो अंगणात आणतो,
मायटे काकूचा, गुलाबी, चार पौंड जास्त दाखवणारा.
ट्रेलरचं नाक त्यावर टेकवून गुडघ्यावर बसतो
(त्या गुडघ्यावर नाही, दुसऱ्या).
एकशे बारा. वजा चार. चालेल.

मागं दोघी पट्ट्यांनी आवळलेल्या.
अडीचशेची माझी: काटकुळी, उंच,
कुठल्याही दगडावर चढून बसणारी बकरी.
तिला आरसे नाहीत, नंबर नाही, लाज नाही.
साडेसहाशेची काकाची: डांबरावर
दिवसभर एका सुरात,
वाळूत मात्र म्हैस डबक्यात बसते तशी बसते,
आणि उठवायला दोन माणसं.

यंदा एकच ठेवायची, असं ठरलंय.
कोणती, ते ठरत नाही.
युरेका सोडल्यापासून साठ मैल तो हेच बोलतोय,
खिडकीबाहेर करडी झुडपं, मग करडी झुडपं,
मग एक हरीण, तेही करडं.

टोयाबीच्या डोंगरात त्याच्या आजोबानं
मेंढ्या राखताना अ‍ॅस्पेनच्या सालीवर नाव कोरलंय.
उरुतिया, आणि खाली साल.
सालीवर कोरलेलं साल, मी म्हटलं.
तो हसला नाही. म्हणाला, झाड जाडावतं तशी
अक्षरं रुंद होत जातात,
काही वर्षांनी वाचायला लांब उभं राहावं लागतं.
तिथवर रस्ता जात नाही. वाट जाते.

आणि खिंडीच्या अलीकडंच
बॉनेटमधून पांढरी वाफ.
रेडिएटरचा पाईप फाटलेला, बोटभर.
फोनला रेंज नाही. ऑस्टिन अजून चोवीस मैल.

मोठीला खाली घेणार होतो.
रस्ता तिचाच होता, दिवसही तिचा.
बटण दाबलं. टक. पुन्हा टक.
हिवाळाभर बॅटरी चार्जिंगला लावली नव्हती त्यानं.
काका तिच्याकडं बघत राहिला,
पाहुण्यांसमोर पोरगं तोंड उघडेना
तेव्हा बाप बघतो तसा.

मग माझी. किक मारून.
गाठीगाठींच्या टायरांवर डांबर,
दात हलतात, हात मुंग्यांचं वारूळ,
पंचेचाळीसच्या वर ती नाहीच म्हणते.
मागून काय येतंय ते मानेनं बघायचं.
एक चाऱ्याचा ट्रक आला, हॉर्न न देता
बराच वेळ मागंच राहिला,
मग हळू बाजूनं गेला. आतल्या बाईनं
स्टिअरिंगवरून एक बोट उचललं.
इकडं एवढं पुरतं.

पंपावरच्या लव्हर्नकडं नेमका पाईप नव्हता.
तिनं एक लांब काढला, माझ्या गळ्याशी धरला,
शिंप्यानं माप घ्यावं तसा, आणि कापला.
नंबरप्लेटचं विचारलं नाही.
फक्त म्हणाली, शेरीफ जेवायला गेलाय,
एकपर्यंत.

परत आले तेव्हा काका सावलीत नव्हता.
ट्रेलरवर, पट्ट्यांनी आवळलेल्या मोठीवर
हेल्मेट घालून बसला होता.
दोन्ही पाय हवेत.
समोर अख्खी दरी, तळाशी मिठाचं पांढरं मैदान,
ढगाची एक सावली ते ओलांडत होती
आणि तो तिच्या वेगानं.

मी स्टँड लावला. तो उतरला नाही लगेच.
म्हणाला, सीट चांगलीय हिची.
मी म्हटलं, हो.

पाईप बसवला, पाणी भरलं,
माझीला पुन्हा चढवलं. थोडी पुढं घे, तो म्हणाला.
काटा घरी राहिलेला.
त्यानं वाकून बघितलं, गाडी मागून किती बसलीय,
कमरेवर हात, एक डोळा मिटून.
एकशे पंधरा.

मी वजा चार केले.